पाळण्यातला साप

श्रूजबरी, ३ मार्च २०२५

श्रीराम,

वर 'प्रिय' नाही आणि खाली 'सप्रेम' असणार नाही. चौदा वर्षांच्या संसारात तुला 'अहो' म्हटलं, 'तुम्ही' म्हटलं. घटस्फोटाला एकतीस वर्षं झाली तरी लिहायला बसले की हात 'अहो'कडेच वळतो, मेला. म्हणून मुद्दाम 'तू' लिहितेय. लागलं तर लागू दे.

तुझं सर्क्युलर मिळालं. 'घांगुर्डे कुलवृत्तांत, अमेरिका पुरवणी', खाली तुझी सही, मुख्य संपादक. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, टोमॅटो लावतात. तू कुळाची झाडाझडती काढलीस. काढ बापडा. पण सोबत पान एकेचाळीसचं प्रूफ पाठवलंस ना, ते मी फ्रिजवर लावून ठेवलंय. येताजाता वाचते, म्हणजे राग शिळा होत नाही. 'श्रीराम विनायक घांगुर्डे, जन्म १९५२, मेकॅनिकल इंजिनियर, फ्रिस्को, टेक्सस. विवाह: वसुधा, १९८०; घटस्फोट १९९४. अपत्य:' आणि पुढे एक आडवी रेघ. रेघेवर चांदणी. खाली बारीक अक्षरात, 'नियम ७ नुसार नोंद प्रलंबित'.

एकोणचाळीस वर्षांची बाई, शाळेत गणित शिकवते, दहा वर्षांच्या मुलीची आई आहे, आणि ती प्रलंबित!

नियम सात तूच लिहिलायस, भाषेवरून कळतंच. 'ज्यांच्या घांगुर्डे रक्ताविषयी शंका आहे त्यांनी सोबतच्या किटने डीएनए चाचणी द्यावी. ज्यांचे रक्त जुळेल त्यांचीच नोंद छापली जाईल.' मी कुमारभावजींना न्यू जर्सीला फोन केला. विचारलं, पुरवणीत माणसं किती? म्हणाले, दोनशे बारा. नियम सात किती जणांना लावला? तुझा सख्खा भाऊ पाच मिनिटं हवापाण्याबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हाला दादाचा स्वभाव माहीत आहे." एकीलाच लावलाय. माझ्या मुलीला.

तुला बारसं आठवतं का? आठवत नसेल, कारण तुझ्या लेखी ती गंमत होती. मी सांगते.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तू बाबांच्या ऑपरेशनसाठी सहा आठवडे पुण्याला गेलास आणि वीस जुलैला परत आलास. चारुता सत्तावीस फेब्रुवारीला झाली, सहा आठवडे आधी, साडेचार पौंडांची. डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलं, प्रीमॅच्युअर आहे. तू मान डोलावलीस, घरी आलास आणि किचनमधल्या कॅलेंडरवर बोट ठेवून आठवडे मोजलेस. मी दारातून बघत होते. तुला वाटलं मी झोपलेय.

मग बारा एप्रिलला बारसं. वूस्टरच्या त्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये चाळीस माणसं. तुझ्या आई, माई, बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या होत्या. पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, इथे वरवंटा कुठला मिळायला, म्हणून माईंनी लाटणं दुपट्यात गुंडाळलं. बायका पाळण्याच्या वरून-खालून देवघेव करतायत, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या'. आणि तू लाटणं बाजूला काढलंस आणि खिशातून रबराचा साप काढून पाळण्यात सोडलास. हिरवा, पोटाला पिवळा. खेळण्यांच्या दुकानातून आणलेला.

वर भाषण! तुला तेव्हा त्या जुन्या ग्रीक-रोमन लेखकांचं वेड होतं. मंडळात स्लाइड शो करायचास, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या अद्भुत जमाती. डोकं नसलेली, छातीत डोळे असलेली माणसं. उलट चालत चरणारे बैल. तर त्या दिवशी प्सिल्ली नावाची जमात. त्यांच्या रक्तापुढे म्हणे साप टिकत नसे. मूल जन्मलं की ते लोक त्याला विषारी सापांच्या पुढ्यात टाकायचे. साप पळाले तर मूल बापाचं. नाही पळाले तर बायकोनं शेण खाल्लं. "चला," तू म्हणालास, "आपण पण टेस्ट घेऊ." सगळे हसले. साडीतल्या डॉक्टरणी हसल्या, टायमधले इंजिनियर हसले. मी पण हसले, श्रीराम. त्याची लाज मला आजही वाटते.

एकट्या माई हसल्या नाहीत. त्यांनी साप शेपटीला धरून उचलला, कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "ठेव गं तिला पाळण्यात. ती आपली आहे." पुढे किती तरी दिवस त्या हाताचा दाब मला आठवायचा.

किट परत पाठवतेय. चारुता तुझ्या नळीत थुंकणार नाही. आणि हा जो दुसऱ्यांदा साप सोडलायस ना, याची भरपाई मी वसूल करणार आहे. कशी ते अजून ठरलं नाही. पण मी एक्काहत्तर वर्षांची आहे, मला दुसरं काम नाही.

वसुधा

---

श्रूजबरी, १२ एप्रिल २०२५

श्रीराम,

आजची तारीख बघ. बारसं.

ती थुंकली. तुला कळवण्यात मला काडीचाही आनंद नाही, पण तुला साइटवरून कळेलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. मी किट परत पाठवलं हे तिला कळल्यावर तिनं स्वतः दुसरं मागवलं. रविवारी केयाला घेऊन आली, माझ्या डायनिंग टेबलाशी बसली आणि नळी भरली. केया म्हणे, "ममा, धिस इज सो ग्रोस." मी म्हटलं, अगदी बरोबर.

मी म्हटलं, चारू, हे त्याचा इगो कुरवाळणं आहे. नको करूस. तर ती म्हणाली, "आय डोन्ट केअर अबाउट द बुक, आई." मग नळीचं झाकण लावता लावता म्हणाली, "तू लॅबमध्ये होतीस ना? तीस वर्षं लोकांचं ब्लड बघितलंस. यू कुड हॅव डन धिस व्हेन आय वॉज फाइव्ह. वन टेस्ट. का नाही केलंस?"

मी सांगितलं, कारण जो नवरा बायकोवर विश्वास ठेवत नाही त्याच्यापुढे मी मुलगी सापाच्या तोंडी देणार नव्हते. तिनं स्वाभिमान हा शब्द मराठीतच उच्चारला. "तुझा स्वाभिमान, आई. बट माय डॅड."

हे तुला सांगायला नको होतं. तू खूश होशील. हो खूश. पण मग पुढचंही ऐक. मुलीला आठव्या वर्षी सोडून टेक्ससला कोण गेलं? शाळेच्या प्रत्येक मैफलीत ती व्हायोलिन घेऊन दाराकडे बघायची. लग्नाला तू कार्ड पाठवलंस, त्यावर छापील मजकूर आणि खाली नुसतं 'एस.' माझा स्वाभिमान चुकला असेल. तुझा संशय नुसता चुकला नाही, तो तू रोज सकाळी उठून पाळलास.

आणि एक. तू प्सिल्लींची गोष्ट अर्धीच सांगायचास. मी लायब्ररीतून पुस्तक आणून पुढची वाचली. दक्षिणेकडून वारा आला आणि त्यानं त्यांची पाण्याची टाकी सुकवून टाकली. तर या लोकांनी सभा घेतली, शस्त्रं काढली आणि सगळी जमात वाऱ्याशी लढायला वाळवंटात गेली. वाऱ्यानं त्यांना वाळूत पुरलं. एकही उरला नाही. शेजाऱ्यांनी त्यांची जमीन घेतली. मूल कुणाचं हे इतकं पारखून घेणाऱ्यांचं पुढे मूलच उरलं नाही. हे का नाही सांगितलंस कधी?

रिझल्टला सहा आठवडे लागतात. मी थांबायला शिकलेय.

वसुधा

---

श्रूजबरी, २२ मे २०२५

(हे पोस्टात टाकलं नाही.)

श्रीराम,

आला. आला, आला, आला.

चारुतानं माझ्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. जुळलेल्या नातेवाइकांची यादी. पहिली ओळ: श्रीराम घांगुर्डे, वडील, पन्नास टक्के. तिनं ती ओळ वाचली, दोनदा वाचली, लॅपटॉप मिटला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मी पाठोपाठ गेले नाही. मी लॅपटॉप उघडला आणि उरलेलं वाचलं. सवय, दुसरं काय. रिपोर्टची खालची ओळ वाचल्याशिवाय मी आयुष्यात कधी सही केली नाही.

दुसरी ओळ कुमारभावजींची. सख्ख्या काकाशी पंचविसाच्या आसपास जुळायला हवं. बारा. मी चष्मा पुसला. बाराच. मग मी रवीला शोधलं. तुझ्या सख्ख्या काकांचा मुलगा, अस्सल घांगुर्डे, तू तुलनेसाठी त्याच्याकडूनही नळी भरून घेतली होतीस. कुमारभावजींशी रवी जुळतो हे ते स्वतः फोनवर म्हणाले होते, सख्ख्या चुलत भावासारखा, जसं हवं तसं. चारुताच्या यादीत रवी नाही. खाली नाही, वर नाही, कुठेच नाही.

मी परीक्षितला रेडमंडला फोन लावला. कुमारभावजींचा हा मुलगा सॉफ्टवेअरवाला म्हणून तू सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच्याकडे दिलेस. मी म्हटलं, परीक्षित, काका आणि तुझे बाबा किती जुळतात? तो म्हणाला, "काकू, प्लीज." मी म्हटलं, कधीपासून माहीत आहे? म्हणाला, "जानेवारीपासून. हाफ ब्रदर दाखवतंय. आय टोल्ड काका की सॅम्पल प्रोसेस होतंय. त्यांनी परत विचारलंच नाही. म्हणाले, मी गेज आहे रे, गेजला कोण मोजतं?"

गेज! बाकीच्यांना मोजायचं माप! सगळ्यांसमोर पहिली नळी तू भरलीस, व्हॉट्सॅपवर फोटो टाकलास, आणि तुझा आकडा बघायची तुला गरजच वाटली नाही!

म्हणजे काय झालं ते नीट वाच, इंजिनियर. चारुता तुझी आहे, पुरेपूर तुझी आहे. आणि तुझी आहे म्हणूनच ती घांगुर्डे नाही. कारण तू नाहीस. ज्या रक्तासाठी तू माझं आयुष्य जाळलंस ते रक्त तुझ्या अंगात थेंबभर नाही. नियम सात लाव आता. पान एकेचाळीस फाड. मुख्य संपादकांची नोंद प्रलंबित.

मी हसत होते. हसता हसता मला खुर्चीत बसावं लागलं. चारुता बाहेर आली, म्हणाली, "आई, आर यू ओके?" मी म्हटलं, खूप वर्षांनी आहे.

आता माझा बेत ऐक. अठ्ठावीस जूनला फ्रिस्कोत प्रकाशन. तीनशे माणसं, झब्बे, पैठण्या, बाहेर उकाडा आणि हॉलमध्ये थंडी. मी फॉर्म भरलाय. तिसरी रांग, कडेची खुर्ची, उठायला सोपी. प्रश्नोत्तरांत मी उभी राहणार. तुझ्याच स्लाइड शोमधली एक जमात होती बघ, जिच्यात कुणालाच नाव नसायचं. माझ्या मुलीला तू त्यांच्यात ढकललंस, आता तूही जा. मी एकच प्रश्न विचारणार. संपादक महाशय, नियम सात आपण स्वतःला लावला का? आणि उत्तर मीच वाचून दाखवणार, टक्क्यांसकट. तू माझ्याकडे बघशील आणि तेव्हा कुणीतरी हसेल. कुणीतरी हसतंच. मग तुला कळेल त्या दिवशी मी का हसले ते.

हे पत्र उद्या टाकते. तुला पाच आठवडे आधी कळू दे. पाच आठवडे तुला जेवण जाऊ नये.

वसुधा

---

श्रूजबरी, १ जून २०२५

(हेही नाही.)

वरचं पत्र पाकिटात घालून, पत्ता लिहून, स्टॅम्प लावून दाराशी ठेवलं होतं. नऊ दिवस तिथेच आहे. रोज चपला घालताना दिसतं. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे, गुडघा दुखतो अशी सबब चालणार नाही.

आज दुपारी माईंचा फोन आला. तुझ्या घरातून, तू पुरवणीच्या मीटिंगला गेला होतास तेव्हा. चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईनं नंबर स्वतः फिरवला. तीन वेळा चुकला म्हणे, कुणा मेक्सिकन माणसाशी गप्पा झाल्या.

"वसू," म्हणाल्या, "त्या पोरीनं नळीत थुंकलं का गं?"

मी हो म्हटलं.

"तू रक्त बघणारी. तुला दिसलं असेल."

मी म्हटलं, दिसलं. मग म्हणाल्या, "कोण, कधी, ते विचारू नकोस."

मी म्हटलं, नाही विचारत माई.

"त्या दिवशी पाळण्यात साप बघितला ना, तेव्हा मला वाटलं, हा माझ्यासाठीच ठेवलाय. चाळीस माणसांत माझ्या पोटच्या पोरानं मला पकडलं असं वाटलं. मग बघितलं तर तो तुझ्याकडे बघत होता." आणि म्हणाल्या, "मला सुटल्यासारखं वाटलं गं. तुझ्यावर आलं, माझ्यावरचं गेलं. तुझा हात धरला तो त्या लाजेनं. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. तुझा संसार मोडताना बघत बसले."

श्रीराम, मला वाटत होतं त्या बारशात एक तरी माणूस माझ्या बाजूचं होतं. आता तेही नीटसं माझं राहिलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी वाट बघितली, येईल म्हणून. आला नाही. मला नुसतं दिसत होतं, बावीस वर्षांची एक पोर, पुण्यातलं एकत्र कुटुंब, आणि पुढे एवढी वर्षं प्रत्येक बारशाला, प्रत्येक 'कुणासारखा दिसतो गं' ला हसून उत्तर द्यायचं. मला संशय सोसावा लागला, पण माझ्याकडे खरं होतं. ते उशाशी घेऊन मी झोपत होते. त्यांच्याकडे तेही नव्हतं.

मग म्हणाल्या, "तो अठ्ठावीसला माझा सत्कार ठेवतोय. घांगुर्ड्यांची सगळ्यांत ज्येष्ठ सून म्हणून शाल आणि नारळ. घेऊ का गं? की नको घेऊ?"

मला विचारत होत्या. मला!

मी म्हटलं, "घ्या माई. मी टाळ्या वाजवायला येतेय."

"आणि तू त्याला सांगणार असशील तर सांग. तुझा हक्क आहे. फक्त शालीच्या आधी सांग, नंतर नको."

मी विचारलं, सांगितलं नाही आणि त्यानं स्वतःच बघितलं तर? तर तुझी आई हसली. "तो? तो जगाला मोजेल. स्वतःला नाही मोजायचा. लहानपणी अंगात ताप असला तरी थर्मामीटर कुमारच्या तोंडात घालायचा."

फोन ठेवल्यावर मी दाराशी गेले आणि ते पाकीट फाडलं. एवढं चांगलं पत्र आयुष्यात लिहिलं नव्हतं, आणि ते मला फाडावं लागलं, तुझ्यामुळे नाही, तुझ्या आईमुळे. याबद्दलही तुला सोडणार नाही. पहिल्या मसुद्याची वही मात्र ठेवलीय. आणि मला माफ करायला सांगू नका कुणी. मी वारा थोपवायला निघालेली बाई आहे, वाळूत कमरेपर्यंत गेलेय, आणि मुलीलाही बरोबर नेलंय. तिला आधी बाहेर काढते. मग तुझ्याकडे बघते.

---

श्रूजबरी, ५ जून २०२५

श्रीराम,

सोबत पार्सल आहे. त्यात दोन वस्तू.

एक, चारुताच्या रिपोर्टचं पहिलं पान. पिवळ्या मार्करनं खूण केलीय, चष्मा नसला तरी दिसेल. वडील: श्रीराम घांगुर्डे. तुला हवा होता तो पुरावा. घे. एकोणचाळीस वर्षं उशिरा.

आता मला काय हवंय ते. पान एकेचाळीसवरची रेघ जाईल, चांदणी जाईल. तिथे येईल, 'चारुता, श्रीराम आणि वसुधा यांची कन्या. नात: केया.' आणि नियम सात पूर्ण काढायचा. नुसता चारुतापुरता नाही. पुरवणीत कुणाचंच रक्त विचारायचं नाही, आत्ता नाही, पुढच्या आवृत्तीत नाही. आणि प्रकाशनाच्या दिवशी स्टेजवरून ती ओळ तू स्वतः वाचायचीस, माईकवर, माई शेजारी बसलेल्या असताना. चारुता आणि केया येतायत. तिकिटं मी काढली.

हे नाही झालं तर मी तिसऱ्या रांगेत कडेला बसलेय. रिपोर्टला दुसरं पान आहे. ते माझ्या पर्समध्ये असेल.

परीक्षितला विचारू नकोस. त्यानं सगळ्यांची खाती बंद केलीत, प्रायव्हसी म्हणून. मीच सांगितलं त्याला. तो कधी नव्हे इतक्या पटकन हो म्हणाला.

दुसरी वस्तू तुझ्या ओळखीची आहे. माईंनी कचऱ्यात टाकला तो मी त्याच संध्याकाळी काढून धुवून ठेवला होता, चारूच्या झबल्यांच्या डब्यात. रंग थोडा उडालाय, पण रबर चांगलं निघालं. चावत नाही. एवढी वर्षं मी सांभाळला, आता तू सांभाळ.

वसुधा

---

श्रूजबरी, १५ जुलै २०२५

श्रीराम,

तुझे सहा ईमेल आले. सहाव्यात तर 'प्लीज' आहे. चौदा वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता तो शब्द. ईमेलला उत्तर देणार नाही, हे पत्र शेवटचं.

वाचलंस बरं. 'कन्या' म्हणण्याआधी पाण्याचा घोट घेतलास, ते चारूला भावना दाटून आल्या असं वाटलं. मी तिला तसंच वाटू दिलं. केयानं शिट्टी वाजवली, घांगुर्ड्यांच्या सभेत बहुधा पहिलीच. माईंना शाल दिली तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. नंतर माईंनी चारूचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिला काहीतरी सांगितलं. काय ते चारू मला सांगत नाही. असू दे. परवा म्हणाली, "ही कॉल्ड मी, आई. फॉर टेन मिनिट्स." दहा मिनिटं तू तिच्याशी काय बोललास देव जाणे. पण फोन ठेवून ती माझ्याकडेच आली आणि दोन वेळा वरणभात जेवली. एवढ्याबद्दल तुझे आभार. हे पण पहिलंच आणि शेवटचं.

आता तुझा प्रश्न. जेवणाच्या रांगेत माझ्या मागे येऊन उभा राहिलास, हातात पुरणपोळीची प्लेट, आणि हळूच विचारलंस, "दुसऱ्या पानावर काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही. कोरं आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी ओळखते, किचनमधल्या कॅलेंडरसमोर बघितली होती. तुझ्या प्लेटमधलं तूप सांडलं तरी तुला कळलं नाही. आता फोनवर कुमारभावजी सांगतात, दादा जेवत नाही, हिंडत नाही, गराजमध्ये काय शोधतो कुणास ठाऊक. एक नवं किट मागवलंय आणि ते न उघडता कपाटावर ठेवलंय म्हणे. उघडायचं असेल तर उघड. मी नाही म्हणणार नाही. तुझ्या हातानं थुंक, तुझ्या डोळ्यांनी वाच. आणि नसेल उघडायचं तर असू दे तिथेच, माझ्याकडेही साप असाच कपाटात होता.

ते पान मी फ्रिस्कोच्या हॉटेलात फाडलं. बारीक बारीक तुकडे केले आणि फ्लश केलं. तेव्हा आता विचारून उपयोग नाही, माझ्याकडे दाखवायला काही उरलं नाही. तुला पुन्हा फक्त माझा शब्द आहे. तेव्हा होता तेवढाच.

शहाऐंशी साली मी खरं सांगितलं, मूल तुझं आहे म्हणून. तू विश्वास ठेवला नाहीस. फ्रिस्कोत मी सांगितलं, पान कोरं आहे. याही वेळी तू विश्वास ठेवला नाहीस.

या वेळी तुझं बरोबर आहे.

वसुधा